वाळवंटातली वीज स्वस्त, मग गच्चीवर सोलर कशाला?

सहारा वाळवंटाचा एक छोटासा तुकडा सोलर पॅनेलनं झाकला तर साऱ्या जगाला पुरेल एवढी वीज मिळेल, असा मेसेज तुमच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन गेलाच असेल. सोबत नकाशा असतो. अफाट पिवळ्या वाळवंटात एक इवलासा चौकोन काढलेला, आणि खाली प्रश्न: मग आपण अजून कोळसा का जाळतोय?

गणित म्हणून त्यात फारसं चुकीचं काही नाही. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, त्यानंतर गेरहार्ड क्नीस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं असाच हिशेब मांडला होता. अख्खी मानवजात वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरते, तेवढी ऊर्जा जगातली वाळवंटं सहा तासांत झेलतात, असं त्याचं म्हणणं. या विचारातून 'डेझर्टेक' नावाची योजना उभी राहिली. २००९ मध्ये मोठमोठ्या कंपन्या आणि बँका तिच्यामागे आल्या. उत्तर आफ्रिकेत सौर प्रकल्प उभारायचे, भूमध्य समुद्राखालून केबल टाकायच्या आणि २०५० पर्यंत युरोपची सुमारे १५ टक्के विजेची गरज भागवायची. खर्चाचा अंदाज होता ४०० अब्ज युरो. तीनच वर्षांत, २०१२ मध्ये, सीमेन्स आणि बॉश बाहेर पडल्या आणि ती भव्य योजना त्या रूपात बारगळली.

ऊन कमी पडलं म्हणून काही ती बारगळली नाही. केबल कुणाच्या देशातून जाणार, पैसे कोण घालणार, आफ्रिकेतल्या लोकांना आधी वीज मिळणार की युरोपला, हे प्रश्न सुटले नाहीत. आणि त्याच काळात सोलर पॅनेल इतकी स्वस्त झाली की जर्मन माणसानं आपल्याच छपरावर ती लावायला सुरुवात केली. जर्मनीचा २००० सालचा अक्षय ऊर्जा कायदा घडवणाऱ्यांपैकी एक असलेले खासदार हर्मान शेअर हे डेझर्टेकचे कडवे टीकाकार. त्यांचा मुद्दा साधा होता. सूर्य प्रत्येकाच्या छपरावर येतो, मग त्याची वीज पुन्हा मूठभर कंपन्यांच्या तारेतून का घ्यायची?

आपल्याकडेही आता हाच वाद आहे, फक्त एका मोठ्या फरकानं. आपलं वाळवंट आपल्याच देशात आहे. मध्ये समुद्र नाही, परका देश नाही. त्यामुळे युरोपात जे कागदावर राहिलं, ते राजस्थानात आणि कच्छमध्ये खरंच उभं राहिलंय.

भडला काय आहे?

राजस्थानात फलोदीजवळ भडला नावाचं गाव आहे. तिथल्या सोलर पार्कची क्षमता २,२४५ मेगावॅट आणि पसारा सुमारे १४,००० एकर. तुलनेसाठी, आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पण आकडे शेजारी ठेवताना एक गोष्ट लक्षात घ्या. मेगावॅट म्हणजे ऐन भरात असताना किती जोर, एवढंच. सोलर रात्री शून्य असतं, सकाळ-संध्याकाळ अर्धवट. चोवीस तासांची सरासरी काढली तर भडल्यासारखा प्रकल्प आपल्या क्षमतेच्या साधारण पाव हिस्सा वीज देतो. कोळशाचं केंद्र याच्या दुप्पट-अडीचपट सहज देऊ शकतं.

मे २०१७ मध्ये भडल्याच्या एका लिलावात बोली लागली युनिटला २ रुपये ४४ पैसे. तोवर 'सोलर महाग असतं' हे सगळे गृहीत धरून चालत होते. त्या दिवशी ते गृहीतक मोडलं. पुढे २०२० मध्ये बोली २ रुपयांपर्यंत खाली आली. कच्छच्या रणात खावडा इथे तर ३० गिगावॅटचं, म्हणजे भडल्याच्या तेरापट क्षमतेचं, ऊर्जा पार्क उभारण्याचं काम चालू आहे.

आता तुमच्या मनात येईल, वाळवंटात ऊन रग्गड म्हणून वीज स्वस्त. हे थोडंच खरं आहे. थरमध्ये जमिनीवर पडणारी सौरऊर्जा आपल्या मराठवाड्यापेक्षा किंवा पश्चिम महाराष्ट्रापेक्षा थोडी जास्त आहे, दुप्पट वगैरे अजिबात नाही. फरक साधारण १० ते २० टक्क्यांचा. त्यातही वाळवंटाची उष्णता पॅनेलला मानवत नाही. पॅनेलवर छापलेले वॅट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि प्रत्येक वाढत्या अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणजे १०० वॅटचं पॅनेल त्या वेळी ८६ वॅटच्या आसपास देतं. पॅनेलला ऊन हवं असतं, ऊब नको असते! शिवाय धुळीची वादळं. भडल्यासारख्या ठिकाणी पाणी दुर्मीळ, म्हणून पाण्याशिवाय ब्रश फिरवणारे यांत्रिक झाडूवाले, म्हणजे रोबो, रांगांवरून फिरवावे लागतात.

मग स्वस्ताईचं कारण काय? सपाट, स्वस्त, सलग जमीन. ढग कमी, पावसाळा तोकडा. लाखो पॅनेलची एकगठ्ठा खरेदी. सूर्याबरोबर वळणाऱ्या चौकटी. आणि मोठ्या प्रकल्पाला मिळणारं कमी व्याजाचं कर्ज. यातली निम्मी कारणं उन्हाची नसून पैशांची आहेत.

२ रुपये ४४ पैसे तुमच्या बिलात का दिसत नाहीत?

हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि वाळवंट विरुद्ध गच्ची या बहुतेक चर्चा इथेच घसरतात.

महावितरणचं बिल समोर घ्या. त्यात 'स्थिर आकार' असतो, 'वीज आकार' असतो, 'वहन आकार' असतो, कधी 'इंधन समायोजन आकार' असतो आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के 'वीज शुल्क'. महिन्याला १०० युनिटच्या वर गेलात की हे सगळं मिळून पुढचं युनिट १० रुपयांच्या पलीकडे पडतं. भडल्याचे २ रुपये ४४ पैसे म्हणजे प्रकल्पाच्या फाटकावरची किंमत. शेतात कांदा ज्या भावानं उचलला जातो तो भाव, आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा भाव, यांच्यात जेवढं अंतर, तसंच हे.

आता गच्चीचा हिशेब करू. ३ किलोवॅटची यंत्रणा घ्या. महाराष्ट्रात ती वर्षाची सरासरी धरून दिवसाला १२ युनिटच्या आसपास देते, म्हणजे वर्षाला ४,३०० च्या घरात. २५ वर्षांत पॅनेल थोडी म्हातारी होतात, ती घट धरली तरी एक लाख युनिट होतात. खर्च समजा दोन लाख रुपये, मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल. व्याज धरून युनिट साधारण चार-साडेचार रुपयांना पडतं, तेही अनुदान न धरता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते वजा केलं की दर आणखी खाली येतो.

म्हणजे निर्मितीचा खर्च पाहिला तर वाळवंटच जिंकतं, आणि बऱ्यापैकी फरकानं. पण गच्चीवरची वीज भडल्याच्या विजेशी स्पर्धा करतच नाही. ती तुमच्या बिलातल्या १० रुपयांशी स्पर्धा करते. एक घाऊक माल आहे, दुसरा किरकोळ. 'सोलर कुठलं स्वस्त?' असा प्रश्न कुणी विचारला तर उलट विचारावं: कुणाला स्वस्त? वीज कंपनीला वाळवंटातलं स्वस्त, तुम्हाला गच्चीवरचं.

तारेचे पैसे कोण देतं?

राजस्थानातली वीज महाराष्ट्रात आणायला ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या लागतात. खूप लांब अंतरासाठी एकदिश प्रवाहाच्या, म्हणजे डीसी वाहिन्या. खावड्याहून थेट नागपूरपर्यंत अशी एक वाहिनी मंजूर झाली आहे: ८०० किलोव्होल्ट, ६,००० मेगावॅट, लांबी सुमारे १,२०० किलोमीटर. तारेत वीज वाया जाते हा आक्षेप बरेच जण घेतात, पण तो इथे फारसा टिकत नाही. अशा डीसी वाहिनीत हजार किलोमीटरला ३ टक्क्यांच्या आसपास गळती होते. खरी गळती होते ती सबस्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात, आणि त्यात चोरी व थकबाकीही आली. देशाचा तो एकत्रित आकडा १६ टक्क्यांच्या आसपास आहे. शेवटच्या टप्प्याचा हा प्रश्न वाळवंटातली वीज आणली काय किंवा कोळशाची आणली काय, तसाच राहतो.

तारेचा मोठा प्रश्न आहे तो वेळेचा आणि पैशांचा. सोलर पार्क दीड-दोन वर्षांत उभा राहतो, वाहिनीला चार-पाच वर्षं लागतात. जमीन, मनोरे, परवानग्या, शेतकऱ्यांची भरपाई. म्हणून २०२५ मध्ये राजस्थानात अशी पाळी आली की भर दुपारी, ऊन तळपत असताना, तयार प्रकल्पांतली वीज तारेत जागा नाही म्हणून बंद ठेवावी लागली. पिकलेलं पीक वाहतुकीअभावी शेतात सडावं तसं.

आणि पैसे? ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क पूर्ण माफ आहे. त्या तारीखेनंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांना ती सवलत टप्प्याटप्प्यानं कमी होते. सवलत म्हणजे तार फुकट झाली असं नव्हे. तो खर्च त्या वाहिन्यांच्या बाकीच्या वापरकर्त्यांमध्ये वाटला जातो. तेव्हा भडल्याच्या दराचं कौतुक करताना हा न दिसणारा भाग मनात जोडून घ्यायला हवा. माझ्या मते ही सवलत सुरुवातीला योग्यच होती, नाहीतर उद्योग उभाच राहिला नसता. पण तिच्यामुळे प्रकल्प जिथे जमीन स्वस्त तिथेच एकवटले, हेही तितकंच खरं.

वाळवंट रिकामं असतं हीसुद्धा एक सोयीची समजूत आहे. थरमध्ये माळढोक राहतो. आपल्या सोलापूरच्या नान्नजचा पक्षी म्हणून त्याची आपल्याला ओळख. आता देशभरात मिळून दीडशेही उरलेले नाहीत. हा जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि उडताना तो तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये, सौर प्रकल्पांचीही गरज लक्षात घेऊन, तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. जैसलमेरच्या गावकऱ्यांची 'ओरण', म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखी राखलेली जमीन, सरकारी कागदावर बऱ्याचदा पडीक म्हणून नोंदलेली असते. तिथे उंटं आणि शेळ्या-मेंढ्या चरतात. ज्याच्या जनावरांचं कुरण गेलं, त्याला २ रुपये ४४ पैशांचं काय सांगणार?

मग गच्चीच बरी?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं गच्चीवाले म्हणतात, आणि ते पटतंही. जमीन लागत नाही, पारेषण वाहिनी लागत नाही, माळढोकाला धक्का नाही. पण हा कळसा दुपारीच भरलेला असतो आणि तहान लागते संध्याकाळी. दुपारी घर रिकामं. दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी हे सगळं सातनंतर. मग दुपारची वीज जाते कुठे? ग्रिडमध्ये. नेट मीटर ती मोजतो आणि संध्याकाळी तुम्ही घेतलेल्या युनिटमधून वजा करतो. उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जातात, आर्थिक वर्षाअखेर हिशेब होतो.

थोडक्यात, तुमच्यासाठी ग्रिड ही बॅटरी झाली. फरक इतकाच की त्या बॅटरीत प्रत्यक्षात काही साठत नाही. दुपारची तुमची वीज त्याच क्षणी दुसरा कुणी वापरतो आणि संध्याकाळची तुमची वीज कोळशातून किंवा धरणातून येते. थोडी घरं असतील तोवर हे खपून जातं. गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर पॅनेल आली की दुपारी त्या ट्रान्सफॉर्मरवर वीज उलटी वाहू लागते, व्होल्टेज चढतं आणि २५० च्या पुढे गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडायला लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं याच कारणानं एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या गच्चीवरून येणाऱ्या विजेचा मोबदला साधारण तीन चतुर्थांशानं कापला. आपल्याकडेही टीओडी मीटर आले आहेत, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या सौर तासांत वीज स्वस्त. दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटची किंमत वेगळी धरण्याची ही सुरुवात आहे. सोलर बसवताना पुढची २५ वर्षं एकास एक वजावट मिळेलच, असं धरून हिशेब करू नका.

दुसरी गोष्ट विकणारा हमखास सांगत नाही. लाइट गेली की तुमचं साधं ऑन-ग्रिड सोलरही बंद होतं, भर उन्हात. हा बिघाड नसून मुद्दाम केलेली सोय आहे. तुमचा इन्व्हर्टर चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनला ज्या तारेत वीज नाही असं वाटतंय, त्याच तारेत तुमची वीज असेल. लाइट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते, आणि ती बरीच महाग पडते.

तिसरी गोष्ट न्यायाची. महिन्याला ४०० युनिट वापरणारा बंगलेवाला सोलर लावून बिल शून्यावर आणतो. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, वायरमनचा पगार हा खर्च मात्र तिथेच राहतो, आणि तो उरलेल्यांच्या दरात शिरतो. उरलेले कोण? भाड्याच्या खोलीत राहणारे, चाळीतले, ज्यांच्या नावावर छप्परच नाही ते. शेजारच्या पाकिस्तानात याची झलक दिसली. तिथे वीज इतकी महाग झाली की ज्यांना परवडलं त्यांनी छपरं भरून टाकली. एकट्या २०२४ मध्ये चीनहून सुमारे १७ गिगावॅटची पॅनेल आली. सरकारी ग्रिडचा ठरलेला खर्च मात्र कमी झाला नाही, आणि तो कमी ग्राहकांवर येऊन बसला.

आपल्याकडे गच्चीचा वेग उलट फार कमी होता. २०२२ पर्यंत १०० गिगावॅट सोलरचं उद्दिष्ट होतं, त्यातले ४० गच्चीवर. गच्चीवर प्रत्यक्षात ८ गिगावॅटही झाले नव्हते. मोठा पार्क एका लिलावात ठरतो. गच्चीला मात्र लाखो कुटुंबांचा होकार, लाखो अर्ज आणि लाखो मीटर लागतात.

गावाच्या वेशीवरचा तिसरा पर्याय

या वादात ज्याची सगळ्यात कमी चर्चा होते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते वाळवंटातही नाही आणि गच्चीवरही नाही. महाराष्ट्रात सुमारे ४५ लाख कृषिपंप आहेत. सोलरची वीज दुपारी असते आणि पंपही दुपारी चालू शकतो, पाणी साठवता येतं, पिकाला घड्याळ कळत नाही. तरीही वर्षानुवर्षं शेतकऱ्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज मिळत आली. थंडीत, अंधारात, सापाच्या आणि बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जावं लागतं, ते या वेळापत्रकामुळे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची कल्पना अशी: गावाजवळच्या सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा थेट वीज द्यायची. लांबची वाहिनी नको, प्रत्येक शेतकऱ्याच्या छपराची वाट बघणं नको. वीज ३ रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे भडल्यापेक्षा थोडी महाग, पण पंपाच्या जवळ. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. ३ मेगावॅटचा, दीड हजारावर शेतकऱ्यांना दिवसा वीज देणारा. भडल्याच्या तुलनेत तो साडेसातशेवा हिस्सा आहे. अडचणी इथेही आहेत. गायरानाच्या जमिनीवरून वाद होतात, आणि पावसाळ्यात पंप बंद असताना ती वीज पुन्हा ग्रिडलाच रिचवावी लागते.

रेल्वे, कारखाने, मुंबई-पुण्यासारखी शहरं यांची भूक मात्र गच्चीनंही भागणार नाही आणि फीडरनंही. उंच इमारतीत शंभर कुटुंबांच्या वाट्याला एकच गच्ची येते. तिथे वाळवंटातली घाऊक वीजच लागेल, आणि संध्याकाळसाठी तिला बॅटरीची जोड. डिसेंबर २०२४ मध्ये चार तासांच्या साठवणुकीसह सोलरची बोली साडेतीन रुपयांच्या आसपास लागली. घरच्या बॅटरीला हा दर जवळपासही येत नाही.

आता तुमचा स्वतःचा हिशेब. महिन्याचा वापर १०० युनिटच्या आत असेल तर तुमची वीज आधीच स्वस्त स्लॅबमध्ये आहे, सोलरचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. २००-३०० युनिट असतील आणि गच्ची तुमच्या नावावर असेल तर ३ किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागेल. बिनसावलीची हे महत्त्वाचं: पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी ते ज्या माळेत जोडलंय त्या सगळ्या माळेची वीज घटू शकते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर स्वतःच्या मीटरचा विचार सोडा आणि सोसायटीच्या सामाईक मीटरचं बिल मागवून घ्या. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. पंप दुपारी चालवता येतो, म्हणजे ती वीज गच्चीवरून थेट खाली उतरते. सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी 'सूर्यघर'मध्ये किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज सोसायटीच्या नावानं करावा लागतो, त्यामुळे आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या.